सात नंबरच्या ओळीतला अंगठा

१

"तू तिथं नेमकं करतेस तरी काय?" असं कुणी विचारलं की स्वरूपा सांगायची, "पुस्तकांपुढे चित्रं लावते." विचारणारा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. एम.ए. झालेली मुलगी रोज सकाळी इंदापूरहून एसटीत उभं राहून बारामतीला येते ती चित्रं लावायला, हे कुणाच्या पचनी पडावं? पण काम खरंच ते होतं, आणि ती त्यात इतकी रमली होती की डबा भरलेलाच घरी जायचा आणि आई दारातच तोंडसुख घ्यायची.

त्याचं असं झालं. बारामतीच्या ज्या वाचनालयात ती काम करायची, त्याने सोमेश्वरनगरला ऊसतोड्यांच्या तळावर बारा वाचनयंत्रं दिली होती. पाटीएवढं यंत्र, कागदासारखा पडदा, कोपऱ्याला बोट लावलं की पान उलटतं. प्रत्येकात मागणाऱ्याने मागितलेलं एक पुस्तक. कल्पना स्वरूपाची, आणि तिच्यापायी तिने वर्षभर चपला झिजवल्या होत्या. यंत्र कुणाकडे आहे, पुस्तक कोणतं, किती टक्के वाचून झालं, हे तिच्या लॅपटॉपवर ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये बारा ओळींत दिसायचं. तळावर नेट नव्हतं. दर गुरुवारी ती तिथे जाऊन मोबाईलचं नेट चालू करायची, तेव्हा यंत्रं आपापला आकडा पाठवायची.

वाचनालयाचे अध्यक्ष रवींद्र सर, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सरळ, पण एकदा मनात धरलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. त्यांनी ते आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"स्वरूपा, ती माणसं पहाटे चारला फडात जातात. वाचणार कोण आणि कधी? पंधरा तारखेच्या बैठकीत एक, फक्त एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं मला दाखव. नाहीतर यंत्रं परत आणायची आणि इथल्या अभ्यासिकेतल्या पोरांना द्यायची. आणि हो, ते आकड्यांचं जंजाळ नको. बघितल्याबरोबर कळलं पाहिजे."

म्हणून चित्रं. स्वरूपाने तीन काढली. मिटलेलं पुस्तक म्हणजे सुरुवातच नाही, उघडं पुस्तक म्हणजे वाचन चालू, आणि पुरं झालं की उसाचा तुरा. मग सॉफ्टवेअरला नियम लिहून द्यायचे. आकडा शंभर किंवा त्यापुढे असेल तर तुरा, ते नसेल पण शून्याच्या वर असेल तर उघडं पुस्तक, काहीच नसेल तर मिटलेलं. वरून खाली वाचत जायचं आणि पहिला जो नियम लागू पडेल तेवढंच चित्र दाखवायचं. ऐकायला सोपं. चार दिवस ते सॉफ्टवेअर तिच्या नाकी नऊ आणत होतं. चाचणीसाठी नऊ टक्के टाकले तर त्याने तुरा काढून दाखवला, कारण ते दिवटं आकड्यांना अक्षरं समजून त्यांची तुलना करत होतं, आणि अक्षरांच्या हिशेबात आधी पहिलं अक्षर बघतात, म्हणजे नऊ हे शंभरातल्या एकापेक्षा मोठे. पाचव्या दिवशी दुपारी तिने तो घोळ पकडला, नियम पुन्हा लिहिला, आणि बारा ओळींपुढे बारा चित्रं शहाण्या मुलांसारखी उभी राहिली.

"जमलं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की झाडणाऱ्या द्वारकाबाई केरसुणी घेऊन धावत आल्या.

"इंचू चावला का काय गं?"

स्वरूपाने त्यांना गदागदा हलवलं. आनंद कुणाला तरी वाटलाच पाहिजे, आणि समोर द्वारकाबाईच होत्या.

२

आनंदाच्या पहिल्या भरात तिने बघितलंच नव्हतं की बारापैकी अकरा पुस्तकं मिटलेली आहेत. उघडं एकच, सात नंबरचं. यंत्र भीमाचं. हरवलेल्या लेकीला शोधायला होडी घेऊन निघालेल्या एका बाईची कादंबरी, एकतीस टक्के.

दुसऱ्या दिवशी छत्तीस. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस.

स्वरूपा हरखून गेली. कोण कुठला बीडकडचा भीमा, दिवसभर ऊस तोडतो, मोळ्या वाहतो आणि रोज दहा पानं वाचतो! पंधरा तारखेला शंभर होतात का, याचा हिशेब तिने बोटांवर केला. होत होते, काठावर. एसटीत निमगाव केतकीच्या पुढे तिला एकटीलाच हसू आलं, आणि शेजारची बाई सरकून बसली.

चौथ्या दिवशी तिला ते दिसलं. सातव्या ओळीत उघड्या पुस्तकाच्या चित्राला लागून एक काळा ठिपका होता. पडद्याला काही लागलंय म्हणून तिने ओढणीने पुसला. गेला नाही. ओळ वर सरकवली तर ठिपकाही ओळीबरोबर वर गेला.

एका ओळीला एक चित्र, असा तिचा नियम. दोन येऊच शकत नव्हती. तिने नियम वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. चित्रांच्या फोल्डरमध्ये पाहिलं. तीनच चित्रं, तिने काढलेली. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. ठिपका होता तिथेच होता. शेवटी तिने तो मोठा करून पाहिला, आणि त्यात बारीक रेघा दिसल्या, एकात एक वळत गेलेल्या.

"अंगठा हाय की," मागून द्वारकाबाई म्हणाल्या. "कुणी उठवला?"

"कुणी नाही. सॉफ्टवेअरची काहीतरी चूक असेल."

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं."

स्वरूपाने हसण्यावारी नेलं. पण दुपारी सगळे गेल्यावर ती त्या ओळीकडे बघत बसली. आकडा सेहेचाळीस होता. तिच्या डोळ्यांदेखत तो सत्तेचाळीस झाला.

३

गुरुवारी ती तळावर गेली ती पेढे घेऊनच. पणदऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस आणि रस्त्यावर मोळ्यांच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यामुळे पोचायला दुपार झाली. खोपींच्या ओळीत भीमा सापडला. पन्नाशीचा, उंच, खांद्यातून वाकलेला. आज त्याच्या टोळीकडे ऊस न्यायला गाडी आली नव्हती, म्हणून तो खोपीबाहेर भांडी घासत बसला होता.

"भीमाभाऊ, कमाल केलीत तुम्ही! निम्मं पुस्तक झालं की!"

भीमाने राखेचा हात थांबवला. "कंचं पुस्तक?"

"होडीवालं. तुमच्या यंत्रातलं."

"ताई, मला कुठं वाचाया येतंय? म्या अंगठेबहाद्दर."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि नाव लागतं नवऱ्याचं. स्वरूपा यंत्रं वाटायला आली तेव्हा मुकादमाने आपली यादी वाचली आणि तिने ती जशीच्या तशी लॅपटॉपवर घेतली. बारा कोयते, बारा यंत्रं, बारा नावं. शिकलीसवरली पोर, पण त्या यादीत अर्धी माणसं नाहीत हे तिच्या लक्षात आलं नाही.

"वाचायची ती आमची मंडळी," भीमा म्हणाला. "चौथी शिकल्याली. सांच्याला चूल पेटली की वाचायची, आन् भाकरी थापताना मला सांगायची काय झालं ते. पान उलटायच्या आदी अंगठा जिभंला लावायची. म्या म्हणायचो, अगं, यंत्राला थुकी कशाला? तर म्हणायची, शाळंतली सवय हाय. हात जळक्या उसानं काळं, सगळी काच बरबटायची."

"मग आता त्या कुठे आहेत?"

"डिसेंबरात पान लागलं तिला. फडातच."

साप चावला असं आपल्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. स्वरूपाच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

"होडी वादळात गावली हुती तवर सांगितलं हुतं तिनं," भीमा म्हणाला. "तिचं दिस घातल्यावर म्या यंत्र माघारी दिलं. तुमी नव्हता. त्या झाडणाऱ्या बाई हायत का न्हाय, त्यांच्याकडं दिलं."

एवढं बोलून तो उठला आणि घासलेल्या दोन थाळ्या त्याने शेजारी शेजारी उपड्या घातल्या. मुकादमाची हाक आली तसा तो गेला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला हाकेसरशी जावंच लागतं.

परतीच्या एसटीत स्वरूपा खिडकीशी बसली. मृत बाईचं नावसुद्धा आपण विचारलं नाही, हे तिला पणदऱ्यात आठवलं आणि स्वतःचाच राग आला. दुसरी गोष्ट बारामती आल्यावर सुचली. बाकीच्या यंत्रांचे आकडे फक्त गुरुवारी बदलतात, कारण तळावर नेट नाही. सात नंबर रोज बदलतोय. म्हणजे ते यंत्र रोज नेटच्या टप्प्यात आहे.

नेट वाचनालयात होतं.

४

"अगं बाई, व्हय की!" दुसऱ्या दिवशी दुपारी स्वरूपाने विचारताच द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. "डिसेंबरात एक माणूस देऊन गेला. म्या ठेवलंय आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात. सांगायचंच राहिलं. किल्ली ही काय, माज्या कमरंला."

"मधे कुणी उघडलं होतं कपाट?"

"किल्ली माज्याजवळ, तर उघडंल कोण?"

आतली खोली म्हणजे फाटक्या पुस्तकांची. एक उंच खिडकी, तिच्यातून दुपारचं ऊन कपाटावर पडलेलं. बाहेर रिक्षा, भाजीवाला, सगळं नेहमीसारखं चाललेलं. द्वारकाबाई किल्ली देऊन चहाला गेल्या. स्वरूपाने स्वतःला बजावलं की यंत्राच्या आत काहीतरी बिघडलंय, पानं आपोआप पुढे सरकतायत, आणि अंगठ्याचं चित्र म्हणजे कुठल्यातरी फाईलची गफलत. सगळं पटण्यासारखं होतं. तिला ते जवळजवळ पटलंही.

मग कपाटातून आवाज आला. अगदी लहान, ओला. जिभेला बोट लावल्याचा.

ती जागच्या जागी उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता तो तिला ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने पुन्हा तोच आवाज. एक पान वाचायला जेवढा वेळ लागावा, तेवढ्या वेळाने.

पळून जावं असं तिला फार वाटलं. पण ज्या मुलीने चार दिवस एका नियमाशी झुंज घेतली ती हे न बघता कशी जाणार? तिने किल्ली फिरवली.

यंत्र मधल्या फळीवर उताणं पडलं होतं. पडदा चालू. पानावर होडी, लाटा, बाईच्या तोंडची दोन वाक्यं. खाली उजव्या कोपऱ्यात काचेवर काळा ठसा होता, काजळीचा. ती बघत असताना तो ठसा ओला झाला. मग पान उलटलं, आणि नव्या पानावर तो ठसा हळूहळू वाळत गेला. जळलेल्या पाचटाचा वास आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. फक्त स्वरूपाला असं वाटलं की आपण कुणाचा तरी उजेड अडवून उभ्या आहोत, आणि ती नकळत बाजूला झाली.

बाजूला झाल्यावर ऊन पडद्यावर पडलं. वरच्या कोपऱ्यात बॅटरी दिसली. दोन टक्के.

आता इथे कुणीही शहाण्या माणसाने कपाट लावून घेतलं असतं. यंत्र संध्याकाळपर्यंत आपसूक बंद पडलं असतं, आणि कटकट मिटली असती. स्वरूपा किती वेळ उभी होती, तिलाच ठाऊक नाही. पुस्तक पन्नास टक्क्यांवर होतं. होडी अजून वादळातच होती.

ती बाहेर गेली, टेबलाच्या खणातून चार्जर आणला, वायर लावली आणि कपाटाचं दार वायरीपुरतं उघडं ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली. "मी बाहेर बसते."

५

त्यानंतरचे दिवस स्वरूपाच्या आयुष्यातले विचित्र होते, आणि खरं सांगायचं तर सुखाचेही होते. ती बाहेर नियम सुधारत बसायची आणि आतून मधूनच तो ओला आवाज यायचा. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी तिच्या मानेवर काटा आला. तिसऱ्या दिवशी बराच वेळ आवाज आला नाही तेव्हा तिला काळजी वाटली, आणि आल्यावर तिने सुस्कारा सोडला. चौसष्ट. एकाहत्तर. शहात्तर. द्वारकाबाई आतली खोली झाडायच्या बंद झाल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. फक्त एकदा उंबऱ्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला तिला दिसला.

अंगठ्याचं चित्र घालवायची खटपट तिने सोडून दिली. उलट नियमांच्या खाली तिने स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली, की सातव्या ओळीतल्या दुसऱ्या चित्राला हात लावू नये.

मन मात्र अधूनमधून उलटून विचारायचंच. तू हे का चालू दिलंस? सरांना खोटं पाडायला? तेही कारण होतंच. यंत्रं गेली तर त्या अकरा खोपींत कुणी तरी बाई अंगठा ओला करायला बसेल ती शक्यताच जाणार होती. हे तिला जिंकायचंच होतं, आणि जिच्या जोरावर जिंकायचं तिची भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे तिला तेव्हा कळलं.

पंधरा तारखेला सकाळी आकडा सत्त्याण्णव होता.

६

बैठकीला समितीची पाच माणसं, भिंतीवर टीव्ही, त्यावर बारा ओळी. स्वरूपाच्या निरोपावरून भीमा धुतलेला सदरा घालून आला होता आणि दारापाशी उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

सरांनी चित्रं पाहिली आणि खूश झाले. "वा! एका नजरेत कळतं. अकरा मिटलेली, एक उघडं. म्हणजे पुरं वाचलेलं एकही नाही."

"सत्त्याण्णव आहे सर."

"सत्त्याण्णव म्हणजे शंभर नव्हे, बाळ. पस्तीसला पास असतं, तिथे मी चौतीसवाल्याला कधी सोडलं नाही. यंत्रं परत आणायची, असा ठराव लिहून घ्या."

"थांबा सर. पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत काय होणार आहे?"

आतल्या खोलीतून तो आवाज आला. सरांनी मान वर केली. टीव्हीवर सत्त्याण्णवचे अठ्ठ्याण्णव झाले. पंखा फिरत होता. आवाज, आणि थोड्या वेळाने पुन्हा आवाज. नव्व्याण्णव. समितीतले एक गृहस्थ खुर्ची मागे सारून उठले आणि तसेच उभे राहिले. मग उघडं पुस्तक नाहीसं झालं आणि त्या जागी उसाचा तुरा आला, पांढरा, भरघोस. शेजारी काळा अंगठा होताच.

स्वरूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती होती की आनंद, कोण जाणे, पण तिने टाळी वाजवली. एकटीनेच.

सर हार मानणारे नव्हते. "यंत्रातली पानं आपोआपही सरकतात. वाचलं असेल तर सांगता आलं पाहिजे. भीमराव, तुमच्या नावावर आहे ना यंत्र? सांगा शेवटी काय होतं."

"साहेब, काल भाकरी थापताना ऐकलं तवर होडी खडकापाशी हुती," भीमा म्हणाला. "पुढचं..."

त्याने मान जरा डावीकडे कलती केली, फडात लांबून कुणी हाक मारल्यावर करतात तशी. "व्हय," तो हळूच म्हणाला. "व्हय, व्हय." मग सरांकडे वळला.

"लेक घावली. दीपगृहावर दिवा लावायच्या कामावर हाय ती. पर आई होडी काठाला लावत न्हाय. लेकीचं बरं चाललंय, हे लांबूनच बघती, वल्हं वर करून दावती आन् माघारी फिरती. लेकीला वाटतं कुणी कोळीण हाय. ती बी हात हालवती. संपलं."

सरांनी स्वरूपाचा लॅपटॉप ओढला, कादंबरीचं शेवटचं पान उघडलं आणि ओठ हलवत वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. चाळीस वर्षं त्यांनी पोरांची कॉपी पकडली होती. समोरचा माणूस कॉपी करत नाही, हे त्यांना कळत होतं, आणि त्यापलीकडचं काही कळून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"ठराव बदला," ते म्हणाले. "यंत्रं तळावरच राहतील. पुढच्या हंगामात आणखी बारा. आणि पहिलं पुस्तक पुरं करणाऱ्या वाचकाचं नाव इतिवृत्तात लिहा. काय नाव?"

स्वरूपाने लेखणी उचलली. यादीत भीमाचं नाव होतं. तिने ते लिहिलं नाही, त्याच्याकडे बघत राहिली. भीमाने घसा खाकरला. गडी लाजला होता, त्याच्या रापलेल्या चेहऱ्यावरसुद्धा ते दिसलं. मग ताठ उभा राहून तो लग्नातल्यासारखा मोठ्याने म्हणाला:

"कोयता हुता दोघांचा, नाव लागलं एकट्याचं,
पुस्तक पुरं वाचलंया, ते काम माझ्या बानूचं!"

दारातून द्वारकाबाईंनी "बानूबाई!" म्हणून असा काही गजर केला की समितीनेही टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवतोय हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं, पण वाजवल्या. रवींद्र सरांनी सगळ्यांत शेवटी वाजवल्या आणि सगळ्यांत उशिरा थांबवल्या. स्वरूपाने इतिवृत्तात नाव लिहिलं, आणि लॅपटॉपवरच्या सातव्या ओळीतही बदललं.

माणसं चहाला पांगली. आतल्या खोलीत आता काहीच ऐकू येत नव्हतं. स्वरूपा भीमाजवळ गेली.

"यंत्र तुम्ही घेऊन जाल का? की इथेच राहू दे?"

"नेतो की. इथनं लांब पडतंय तिला."

"मग आता कोणतं पुस्तक भरून देऊ?"

भीमाने पुन्हा मान कलती केली. या वेळी त्याला थांबावं लागलं नाही.

"जाडजूड द्या, ताई," तो म्हणाला. "जिती हुती तवा सवड न्हवती तिला. आता हाय."